आजोबांच्या डब्यातली नाणी: वाटायची, विकायची की राखायची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटमध्ये शिपाई होते. आफ्रिका आणि इटली करून ते १९४६ साली गावी परतले आणि १९८३ मध्ये वारले. आजी नंतर गेल्या. दोघांनीही मृत्युपत्र केलं नव्हतं. आजोबांचा पत्र्याचा डबा वडिलांकडे होता, तेही गेल्या वर्षी गेले. डब्यात ३८ नाणी, तीन मेडल आणि घडी घातलेल्या पाच नोटा आहेत. नाण्यांमध्ये सहाव्या जॉर्जचे १९४१ ते १९४५ चे ११ रुपये, त्याहून जुने दिसणारे ४ रुपये, एका राणीचं चित्र असलेलं १७८० सालचं मोठं नाणं, ६ भोकाची, ९ पांढरी परदेशी आणि ७ अरबी अक्षरांची पाकळीदार कडेची नाणी आहेत.

थोरल्या भावाला ती विकून मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला हातभार लावायचा आहे. एका झिजलेल्या रुपयावर तो १९३९ असं साल वाचतो. त्याने फोटो टाकल्यावर ‘या एकाच नाण्याचे नऊ लाख देतो, आधी २,१०० रुपये नोंदणी भरा’ असा फोन आला. कॅनडातल्या धाकट्या भावाला आपला वाटा कुरियरने हवा आहे. वहिनींना नाणी घासून लख्ख करून लक्ष्मीपूजनात मांडायची आहेत. ८४ वर्षांच्या आत्या म्हणतात, डबा माझ्या बापाचा आहे. पत्राचा शेवट असा: ‘दादाला लोभ सुटलाय. विकणं म्हणजे आजोबांचा अपमानच ना? पण मी लग्न होऊन गेलेली. मला बोलायचा हक्क तरी आहे का?’

उत्तर

ताई, तुमच्या मूळ पत्रात ‘लाख’ हा शब्द पाच ठिकाणी आला आहे आणि आत्यांचा उल्लेख फक्त एकदा, तोही भांडणातली आणखी एक बाजू म्हणून. म्हणून आधी आत्यांबद्दल बोलू, कारण या सगळ्यात वाट पाहू न शकणारी गोष्ट तीच आहे. नाणी आणखी शंभर वर्षं डब्यात राहिली तरी त्यांचं फारसं काही बिघडणार नाही. पण ती कुठून आली, आजोबा ती कधी बाहेर काढत, कुठलं नाणं हातात घेऊन काय सांगत, हे माहीत असलेली तुमच्या घरात आता एकच व्यक्ती आहे. आजोबा परत आले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. तो दिवस त्यांना आठवत असेल.

येत्या सुटीच्या दिवशी डबा जसा आहे तसा त्यांच्याकडे न्या. आधी नाणी निवडून-मांडून ठेवू नका. कुठल्या नाण्याशेजारी कुठली चिठ्ठी किंवा कापड आहे, हीसुद्धा माहितीच असते. उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर वरून एकेक फोटो घ्या. मोबाइलवर आवाज टिपायला लावा आणि एकेक नाणं त्यांच्या हातात द्या. ‘हे कुठलं?’ असं विचारू नका. ते त्यांना ठाऊक नसेल आणि परीक्षा घेतल्यासारखं वाटून त्या गप्प होतील. ‘हा डबा घरात कुठे असायचा? आजी याला हात लावू द्यायची का? तुम्हाला खेळायला यातलं काय मिळायचं?’ असं विचारा. एका बैठकीत दहाबारा नाण्यांपेक्षा जास्त नको, थकवा येतो. घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा आणि प्रत्येक गोष्टीपुढे ‘आत्यांनी सांगितलं’, अमुक तारीख, असं नोंदवा. तुमचा स्वतःचा तर्क असेल तर तो वेगळ्या शाईने लिहा. पुढच्या पिढीला सांगितलेलं कोणतं आणि अंदाज कोणता, हे कळायला हवं.

आता हक्काचं. ‘लग्न होऊन गेलेली’ हे तुम्ही स्वतःच स्वतःविरुद्ध लिहिलं आहे, आणि ते चूक आहे. हा डबा आजोबांची स्वतःची चीज होती. मृत्युपत्र नसताना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी समान वारस असतात आणि मुलीच्या लग्नाने त्यात फरक पडत नाही. तुमच्या पत्राप्रमाणे आजोबांना दोनच अपत्यं, तुमचे वडील आणि आत्या. आजींचा वाटाही पुढे या दोघांकडेच आला. म्हणजे निम्मा डबा आत्यांचा. वडिलांचा निम्मा भाग तुमच्या आई, दोन भाऊ आणि तुम्ही अशा चौघांत समान, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. आत्या भांडणात मध्येच आलेल्या नाहीत, त्यांचाच वाटा सगळ्यांत मोठा आहे. त्यांना वगळून दादाने एखादं नाणं विकलं तर ते योग्य होणार नाही. त्यांना न विचारता तुम्ही ‘विकायचंच नाही’ असं ठरवलंत तर तेही तितकंच अयोग्य. हा हिशेब कोर्टात जाण्यासाठी सांगत नाही. बैठकीला कोण कोण बसायला हवं, ते यावरून ठरतं.

त्या फोनचं काय करायचं ते लगेच सांगते: एक रुपयाही भरू नका. ही ठरलेली पद्धत आहे. आधी नोंदणी, मग ‘जीएसटी’, मग ‘रिझर्व्ह बँकेचा परवाना’, मग ‘वाहतूक विमा’, आणि प्रत्येक वेळी नऊ लाख उद्यावर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा खरेदीदार आधी नाणं पाहतो आणि तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. दादाने पैसे भरलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि ओरडू नका. अडचणीतल्या माणसाला अशी आशा खरी वाटते.

मग १९३९ चं काय? दादा निव्वळ हवेत बोलत नाही. १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. पण इथे पहिली तपासणी फुकट आहे. नाण्यावरच्या राजाला दाढी आहे का पाहा. दाढी असेल तर तो पाचवा जॉर्ज किंवा त्याच्या आधीचा एडवर्ड, आणि मग ते साल १९३९ असूच शकत नाही. झिजलेला १९१९ हुबेहूब १९३९ सारखा वाचला जातो. दाढी नसेल तर तो सहावा जॉर्ज. मग कड पाहा. १९४० पासून रुपयाच्या कडेवर मधोमध खाच आणि त्या खाचेत बारीक नक्षी येऊ लागली. १९३९ च्या अस्सल रुपयाला नुसत्या उभ्या रेघांची कड हवी. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली शेवटचा आकडा बघा. १९३८ च्या आठावर कोरून नऊ केलेला असतो तेव्हा त्या आकड्याच्या आजूबाजूची पातळी खरवडल्यासारखी दिसते, बाकीच्या आकड्यांशेजारची दिसत नाही. हे सगळं पार पडलं तरच तज्ज्ञाकडे जायचं, आणि तेव्हा जरूर जायचं. खरा निघाला तर पुढचं गणित बदलेल आणि ती बैठक पुन्हा घ्यावी लागेल.

बाकीच्या नाण्यांचं मोल मात्र घरी बसून काढता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, एक चुंबक, मोजपट्टी आणि भिंग एवढं पुरे. ब्रिटिश अमलातला रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. (सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा असतो, बोलताना तेवढं ध्यानात ठेवा.) राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका नाण्यात १०.६९ ग्रॅम. युद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० पासून रुपया ५० टक्के चांदीचा झाला आणि उरलेल्यात तांबं, निकेल आणि जस्त आलं. वजन तेच ११.६६, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे ‘पंधरा चांदीचे रुपये’ असं म्हणताना घरोघरी फसगत होते.

तुमच्या डब्याचा हिशेब असा: युद्धकाळातले ११ रुपये मिळून सुमारे ६४ ग्रॅम चांदी. जुने ४ मिळून सुमारे ४३. राणीच्या मोठ्या नाण्यात, त्याबद्दल पुढे सांगते, सुमारे २३. एकूण १३० ग्रॅम, झिजेमुळे त्याहून थोडी कमी. त्या दिवसाचा चांदीचा भाव घेऊन दादासमोर गुणाकार करा. सराफ मोड म्हणून घेताना घट धरतो, त्यामुळे हातात त्याहूनही कमी येईल. संग्राहक थोडे जास्त देतील, पण १९४१ ते १९४५ चे रुपये एवढ्या मोठ्या संख्येने पडले की मध्यम झिजलेल्या नाण्याला चांदीपलीकडे फारशी किंमत मिळत नाही. (खाली इंग्रजी ‘एल’ अक्षर असेल तर ते १९४३ पासूनच्या लाहोर टांकसाळीचं. नोंद करण्याजोगं, श्रीमंत करणारं नाही.) हा आकडा समोर आला की इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या खर्चापुढे तो केवढा आहे, ते दादाला आपोआप दिसेल. आज घरात जे धुमसतंय ते नऊ लाखांवरून. नऊ लाख नाहीतच, हे काट्यावर दिसलं की भांडण्यासारखं बरंच कमी उरतं.

उरलेल्या बावीस-तेवीस नाण्यांकडे मी जास्त वेळ थांबणार आहे. राणीचं मोठं नाणं सोडलं तर त्यांना बाजारात जवळजवळ भाव नाही आणि तुमच्या घरासाठी तीच सगळ्यांत बोलकी आहेत.

१७८० चं ते मोठं नाणं बहुधा ‘मारिया थेरेसा थेलर’ आहे. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. पण इथिओपिया, एरिट्रिया, येमेन या भागांत लोकांचा याच नाण्यावर विश्वास होता, म्हणून पुढे दीडशेहून अधिक वर्षं ते त्याच सालाने पाडलं जात राहिलं. तेव्हा ‘अडीचशे वर्षांपूर्वीचं’ असं कुणाला सांगू नका. वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर आणि कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं व नक्षी असायला हवी. कड गुळगुळीत असेल तर नक्कल समजा. आणि आता ऐका: १९४० आणि १९४१ मध्ये हेच नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. मुंबईच्या ठशाच्या बारीक खुणा जाणकार ओळखतो. त्या सापडल्या तर आजोबांनी आफ्रिकेतून घरी आणलेलं नाणं मुंबईतच जन्मलेलं ठरेल.

भोकाची सहा नाणी एका जातीची नसतील. भोकाभोवती हत्तीचे वळलेले सुळे दिसले तर ती पूर्व आफ्रिकेची सेंट नाणी. त्यावर इंग्रजी ‘आय’ अक्षर असेल तर तीही मुंबई टांकसाळीची. भोकाभोवती पानांचं कडं आणि इंग्रजी, अरबी, हिब्रू अशा तीन लिप्या असतील तर पॅलेस्टाइनचे ‘मिल’, म्हणजे तिथले सुटे. १९४२ ते १९४४ मध्ये हे मिल निकेलमिश्र धातूऐवजी ब्राँझमध्ये पाडले, म्हणून त्या सालांचे तांबूस दिसतात. आणि १९४३ पासूनचा आपला भोकाचा पैसाही त्यातच मिसळलेला असू शकतो.

पाकळीदार कडेची सात नाणी पाहा. फेज टोपी घातलेला तरुण राजा दिसला तर तो इजिप्तचा फारूक. त्यावर हिजरी आणि इसवी अशी दोन्ही सालं अरबी अंकांत असतात. वाचायला सोपं आहे: त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल, त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात वर उघडा, आठ खाली उघडा. पाकळीदार कडेची ही नाणी पांढरी असोत वा तांबूस, चांदीची नसतात.

पांढरी नऊ बहुधा इटलीची. राजाचं डोकं, मागे गरुड, आणि इसवी सनाशेजारी रोमन आकडा. तो आकडा मुसोलिनीची राजवट सुरू झाल्यापासूनचं वर्ष सांगतो, मोजणी ऑक्टोबर १९२२ पासून. १९४० च्या नाण्यावर म्हणूनच अठरा दिसतो. धातू स्टेनलेस स्टील. यातली काही चुंबकाला चिकटतात, काही चिकटत नाहीत, दोन्ही प्रकार अस्सलच. त्यामुळे ‘चिकटत नाही म्हणजे चांदी’ ही चाचणी इथे चालत नाही. घडी घातलेल्या नोटांवर १९४३ साल आणि मागच्या बाजूला इंग्रजीत चार स्वातंत्र्यांची नावं असतील तर त्या दोस्तसैन्याने इटलीत वापरलेल्या लष्करी लिरा आहेत.

आता ही नाणी टेबलावर एका ओळीत लावा: पूर्व आफ्रिका, इजिप्त, पॅलेस्टाइन, इटली. ही आजोबांची वाट आहे. मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरनच्या लढाईत होती आणि १९४४ मध्ये इटलीत. त्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाट जुळते म्हणून आजोबा त्याच बटालियनचे, असं लिहून टाकू नका. नाणी हातोहात फिरतात, कँटीनमध्ये सुटे म्हणून येतात, मित्राकडून मिळतात. पण विचारायचं कुठे, हे आता कळलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या समजुतीविरुद्ध जाते. त्या चार जुन्या रुपयांत व्हिक्टोरियाचा असेल तर तो युद्धातून आलेला असण्याची शक्यता फार कमी. सरकारने १९४० नंतर जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. असे रुपये घरातच मागे राहिले ते बायकांच्या गाठीला, डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत. म्हणजे आजोबा लढाईवर असताना आजींनी जपलेले आणि नंतर त्याच डब्यात पडलेले ते असू शकतात. बारीक भोक किंवा कडी जोडल्याची डाखाची खूण असेल तर माळेतलेही असतील. आत्यांना हे आवर्जून विचारा. डबा एकट्या आजोबांचा नसेल, तर ‘आजोबांचा अपमान’ हा प्रश्नही जरा वेगळा होतो.

वहिनींना आजच फोन करा: घासायचं नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, राख, यांतलं काहीही नको. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो पातळ असतो आणि खालचा धातू झाकून ठेवतो. पावडरीने तो जातो, पण सोबत पृष्ठभागावर हजारो केसासारखे ओरखडे पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. युद्धकाळच्या रुपयात निम्मा भाग इतर धातूंचा असल्याने आंबट पदार्थ पृष्ठभागावरचं तांबं खातो आणि नाणं फिक्कट, खडबडीत होतं. ब्राँझचं नाणं कच्च्या मांसासारखं गुलाबी दिसू लागतं. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर ठेवा, कापसाची काडी घासू नका, नुसती फिरवा, आणि मऊ सुती कापडावर टिपून कोरडं करा.

हिरवं दिसलं तर आधी कुठलं ते ओळखा. चिकट, तेलकट हिरवा थर प्लास्टिकच्या पाकिटातून येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सुटतो. भांडं काचेचं हवं, खिडकी उघडी, जवळ गॅस-निरांजन नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचं नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पण खड्ड्यांत फिकट हिरवी भुकटी असेल आणि झटकली तरी काही दिवसांनी पुन्हा येत असेल, तर तो ब्राँझला लागलेला क्षाराचा रोग आहे आणि दमट हवेत तो वाढतो. असं नाणं लगेच वेगळ्या कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरगुती उपाय करू नका.

ठेवण्यासाठी मायलर या पारदर्शक पॉलिस्टरच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, प्रत्येक नाण्याला एक. स्टेपलचे पाय पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. नव्या रेनकोटसारखा वास येणारी मऊ पाकिटं टाळा, त्यात पीव्हीसी असतं. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड, दागिन्यांची मखमली डबी, डांबरगोळ्या हे सगळं दूर ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तिचा रंग बघा. नोटांना सेलोटेप किंवा लॅमिनेशन नको, दोन कोऱ्या आम्लमुक्त कागदांमध्ये सपाट ठेवा. जुना पत्र्याचा डबा फेकू नका. तो वारशाचाच भाग आहे, फक्त त्यात आता नाणी नकोत.

आणि लक्ष्मीपूजन? वहिनींची इच्छा मोडायचं काहीच कारण नाही. युद्धकाळचे दोन साधे रुपये कडक, पारदर्शक गोल कॅप्सूलमध्ये घाला आणि ताम्हनात मांडा. हळद-कुंकू कॅप्सूलवर वाहा, नाण्यावर नको. पंचामृत तर नाण्याला लागूच देऊ नका. आजोबांची नाणी दिवाळीला देवापुढे येणं ही सुंदर प्रथा आहे. घरातल्या मुलांना ती वर्षातून एकदा तरी दिसतील.

धाकट्या भावाला कुरियरने काहीही पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे सुरुवातीचे रुपये इथेच राहतील. थेलर मुंबईत १९४१ ला पाडलेला असला तरी त्यावर १७८० आहे आणि विमानतळावर ते साल वाचलं जाईल, तेव्हा तोही इथेच. घरी ठेवायला, वाटून घ्यायला किंवा देशात विकायला या नाण्यांना अडचण नाही. भाऊ स्वतः येईल तेव्हा १९४० नंतरची इटलीची दोन, इजिप्तचं एक आणि एक रुपया त्याला द्या. शंका वाटली तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. सोबत आत्यांच्या आवाजाची फाइल पाठवा.

वाटणी करायचीच झाली तर वजनावर किंवा संख्येवर करू नका. एकाला सगळे रुपये आणि दुसऱ्याला सगळी इटालियन नाणी दिलीत तर पहिल्याकडे चांदी जाईल आणि दुसऱ्याकडे लोखंड, आणि वाट दोघांकडेही उरणार नाही. माझं मत विचाराल तर असं करा. प्रत्येक देशाचं एक चांगलं नाणं, तिन्ही मेडल आणि नोटा हा गाभा एकत्र ठेवा. राखणदार एक नेमा, आत्यांच्या संमतीने, आणि चार ओळींचा कागद करून सगळ्यांनी सही करा: गाभा कुणा एकाचा नाही, विकायचा असेल तर सगळ्यांची लेखी संमती लागेल, राखणदारानंतर कुणाकडे जाईल. दुबार नाणी मग वाटा किंवा विका.

होय, विका. यात अपमान नाही. १९४१ ते १९४५ च्या ११ रुपयांपैकी तीन ठेवून आठ विकले तर आजोबांचं काहीही हरवत नाही. त्यात सुमारे ४७ ग्रॅम चांदी आहे. आत्या आणि बाकीच्यांनी आपला वाटा खुशीने सोडला तर तो पैसा दादाच्या मुलाच्या पुस्तकांना जाऊ दे. घरच्यांसाठी समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला पणतवाच्या शिक्षणाचं वाईट वाटलं असतं, असं मला वाटत नाही. विकताना सराफाआधी नाण्यांच्या प्रदर्शनात किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेत दोन ठिकाणी दाखवा. कमिशन किती ते लेखी विचारा, आणि दिलेल्या प्रत्येक नाण्याची फोटोसह पावती घ्या. ओळख पटवायला नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे अभ्यासक भेटतील.

दादाबद्दल तुम्ही ‘लोभ’ हा शब्द वापरलात. त्याच पत्रात दोन परिच्छेद आधी तुम्हीच लिहिलं आहे की वडिलांच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च त्यानेच पेलला. फीची तारीख जवळ येत असताना माणूस कपाटातल्या डब्याकडे बघतो, याला लोभ म्हणायची घाई करू नका. त्याला वजनकाट्याशी बसवा आणि यादी त्यालाच लिहायला सांगा. फीसाठी शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्तीची चौकशी ही वेगळी कामं आहेत. त्यात तुम्ही दोघी नणंद-भावजय हात लावू शकता, आणि त्यातून नाण्यांपेक्षा जास्त काही निघण्याची शक्यता आहे.

यादीसाठी साधी दोनशेपानी वही घ्या. एका नाण्याला एक पान: क्रमांक, देश, साल, वजन, व्यास, कड, चुंबकाला चिकटतं का, दोन्ही बाजूंचे फोटो (सकाळच्या तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून), आणि खाली कुणी काय सांगितलं ते. तोच क्रमांक होल्डरवर पेन्सिलीने लिहा, नाण्यावर काहीही नको.

मेडल शेवटी घ्या. ती पॉलिश करू नका, फिती धुऊ नका. कडेवर किंवा मागच्या बाजूला भिंगाखाली क्रमांक आणि नाव शोधा. फितीवर मध्ये हिरवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा, मग लाल पट्टा असेल तर इटली स्टार, फिकट पिवळसर फितीवर मध्ये लाल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक निळा पट्टा असेल तर आफ्रिका स्टार. मिळालेला क्रमांक, आजोबांचं नाव (जुन्या कागदांत इंग्रजीत ज्या ज्या स्पेलिंगने आहे त्या सगळ्या), त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं अंदाजे साल आणि असेल तर डिस्चार्ज बुकाची किंवा पेन्शनच्या कागदाची प्रत, एवढं घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नातं दाखवणारा पुरावा जोडा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. अर्ज आत्यांच्या नावाने केलात तर बरं, कारण त्या मुलगी आहेत आणि कागदावर त्यांचं नातं सगळ्यांत जवळचं आहे.